कंट्रोललॉजिक्स रिडंडन्सी आणि १७५६-आरएम२ मॉड्यूल : सहा गळीत हंगामांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या गळीत हंगामात, मार्च महिन्यातल्या एका रात्री पावणेतीनच्या सुमारास आमच्या साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पातून फोन आला. "साहेब, ए चॅसिस पूर्ण बंद पडलीय, पण बॉयलर चालू आहे," एवढेच शिफ्टमधल्या ऑपरेटरने सांगितले. मी कंट्रोल रूममध्ये पोहोचलो तेव्हा पॅनलमधल्या वरच्या चॅसिसवर, म्हणजे कंट्रोलर आणि त्याची मॉड्यूल बसवलेल्या चौकटीवर, एकही दिवा लागलेला नव्हता आणि खालच्या चॅसिसमधल्या रिडंडन्सी मॉड्यूलच्या छोट्या पडद्यावर 'प्रिम' (प्राथमिक) ही अक्षरे दिसत होती. वरच्या चॅसिसला यूपीएसमधून वीज देणारा एमसीबी ट्रिप झाला होता. बॉयलर ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा ट्रेंड मागे नेऊन पाहिला, तर नियंत्रण एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे गेल्याचा क्षण त्या रेषेत कुठेच सापडेना. शेवटी अलार्मच्या यादीतली वेळ पाहून तो शोधावा लागला.

रॉकवेल ऑटोमेशनच्या कंट्रोललॉजिक्स रिडंडन्सीबद्दल, म्हणजे एक औद्योगिक कंट्रोलर बंद पडला तर दुसऱ्याने आपोआप ताबा घेण्याच्या सोयीबद्दल, लिहायला मी याच रात्रीपासून सुरुवात केली, कारण खरेदी करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो : ऐन वेळी हे खरोखर ताबा घेते का? सहा हंगामांच्या वापरावरून मी ठामपणे सांगू शकतो की घेते, आणि उत्तम घेते. मात्र ताबा घेण्याचे काम काही मिलिसेकंदांचे असते आणि त्या मिलिसेकंदांसाठी दुसरा कंट्रोलर वर्षभर तयार असावा लागतो. या प्रणालीची खरी परीक्षा त्या तयारीत आहे, आणि तिथे कंपनीने दिलेल्या सोयींना वापरणाऱ्याने स्वतःची भर घातली नाही, तर पैसे मोजून घेतलेला बॅकअप केवळ पॅनलमधली जागा अडवून बसतो.

आमच्याकडे ६७ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाबाचा, बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणारा बॉयलर आहे. पूर्ण भारावर असताना ड्रममध्ये येणारे पाणी थांबले, तर पातळी धोक्याच्या खुणेखाली जायला फार वेळ लागत नाही. पातळी फार खाली गेल्यास बॉयलर बंद करणारे ट्रिप सर्किट स्वतंत्र रिलेवर आहेच. पण एकदा ट्रिप झाला की टर्बाइन थांबते, गाळप थांबते, आणि पुन्हा वाफ धरून सगळे सुरळीत होईपर्यंत यार्डात उसाच्या गाड्यांची रांग वाढत राहते. त्यामुळे बॉयलरच्या नियंत्रणासाठी एकच कंट्रोलर ठेवणे आम्हाला परवडणारे नव्हते.

रचना तशी समजायला सोपी आहे. दोन चॅसिस असतात आणि दोन्ही अगदी जुळ्या असाव्या लागतात : आकार तोच, त्याच खाचेत तेच मॉड्यूल, आणि फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलच्या आतले सॉफ्टवेअर, तेही एकमेकांशी जुळणारे. प्रत्येक चॅसिसमध्ये एक कंट्रोलर, एक इथरनेट मॉड्यूल आणि एक आरएम२, म्हणजे १७५६-आरएम२ हे रिडंडन्सी मॉड्यूल, बसते. इनपुट-आउटपुट कार्ड या दोन चॅसिसमध्ये ठेवताच येत नाहीत. ती वेगळ्या रिमोट चॅसिसमध्ये असतात आणि नेटवर्कवरून जोडली जातात. नवख्यांना ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागचे कारण सरळ आहे : वाल्व्हकडे जाणारी तार एका चॅसिसमध्ये अडकलेली असेल, तर ती चॅसिस बंद पडल्यावर दुसरी चॅसिस त्या वाल्व्हपर्यंत पोहोचणार कशी? आमच्याकडे रिमोट चॅसिस इथरनेटच्या वर्तुळात, म्हणजे डिव्हाइस लेव्हल रिंगमध्ये, जोडलेल्या आहेत. ५० नोडपर्यंतच्या अशा वर्तुळात एके ठिकाणी केबल तुटली, तर ३ मिलिसेकंदांच्या आत दळणवळण उलट्या बाजूने सुरू होते.

दोन आरएम२ मॉड्यूल एकमेकांशी फायबरने जोडलेली असतात. आधीच्या आरएम मॉड्यूलवर फायबरचा एकच मार्ग होता. आरएम२ वर दोन आहेत आणि त्यांतला एक तुटला तरी दुसऱ्यावरून काम चालू राहते. मात्र जुने आरएम आणि नवे आरएम२ यांची जोडी जमत नाही, हे टप्प्याटप्प्याने बदल करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन चॅसिसमधले अंतर १० किलोमीटरपर्यंत असू शकते, त्यामुळे दोन्ही चॅसिस वेगवेगळ्या इमारतींत ठेवणेही शक्य आहे. आमच्या दोन्ही चॅसिस एकाच खोलीत आहेत. तरी मी फायबरच्या दोन दोऱ्या पॅनलच्या दोन विरुद्ध बाजूंनी नेल्या. दोन्ही दोऱ्या एकाच पट्ट्याने बांधून एकाच डक्टमधून नेलेल्या मी इतरत्र पाहिल्या आहेत. तिथे सफाई करणाऱ्याच्या एकाच झटक्याने दोन्ही निघू शकतात, आणि मग दोन मार्ग असण्याला काहीच अर्थ उरत नाही.

ताबा घेण्याची पद्धत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती न समजता लिहिलेला प्रोग्राम या प्रणालीत नीट चालत नाही. प्राथमिक कंट्रोलर, म्हणजे ज्याच्या हाती नियंत्रण आहे तो, आपल्याकडच्या अनेक प्रोग्रामपैकी एक पूर्ण करतो, त्या दरम्यान बदललेली सगळी माहिती आरएम२ मार्फत दुय्यम, म्हणजे राखीव, कंट्रोलरला पाठवतो आणि मगच पुढचा प्रोग्राम हाती घेतो. दुय्यम कंट्रोलर बाहेर कोणालाही हुकूम देत नाही. पण त्याच्याकडे शेवटच्या प्रोग्रामअखेरची पूर्ण स्थिती असते. प्राथमिक चॅसिसची वीज गेली, तिच्यातले एखादे मॉड्यूल बिघडले किंवा कोणी बाहेर काढले, कंट्रोलरमध्ये मोठा दोष आला, की दुय्यम कंट्रोलर जो प्रोग्राम अर्धवट राहिला होता त्याच्या सुरुवातीपासून काम पुढे नेतो.

या देवघेवीला वेळ लागतो आणि तो प्रत्येक स्कॅनमध्ये, म्हणजे सगळे प्रोग्राम एकदा चालवण्याच्या फेरीत, मोजावा लागतो. आमच्या पहिल्या मांडणीत छोट्या छोट्या कामांसाठी वेगवेगळे असे बरेच प्रोग्राम होते आणि प्रत्येकाच्या शेवटी माहितीची रवानगी होत असे. ते एकत्र करून संख्या कमी केली, सुटे सुटे एका बिटचे टॅग (नाव दिलेल्या माहितीच्या जागा) मोठ्या टॅगमध्ये गोळा केले, आणि ज्या प्रोग्रामअखेर माहिती पाठवण्याची गरज नव्हती तिथला पर्याय बंद केला, तेव्हा स्कॅनचा वेळ स्पष्टपणे खाली आला. एकाच कंट्रोलरवर चालणारा जुना प्रोग्राम उचलून तसाच्या तसा इथे टाकणाऱ्यांना प्रणाली मंद वाटते, ती याच कारणाने.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. ताबा बदलताना आउटपुटला धक्का बसणार नाही ही हमी फक्त सर्वांत वरच्या प्राधान्याच्या टास्कपुरती, म्हणजे एकाच प्राधान्याने चालणाऱ्या प्रोग्रामांच्या गटापुरती, आहे. त्याखालच्या टास्कमधून चालणारे आउटपुट त्या क्षणी जुन्या किमतीकडे जाऊन परत येऊ शकते. आम्ही ड्रमची पातळी, वाफेचा प्रवाह आणि पाण्याचा प्रवाह यांवर चालणारे तिहेरी नियंत्रण, तसेच भट्टीतल्या दाबाचे नियंत्रण, सर्वांत वरच्या टास्कमध्ये ठेवले आणि राख वाहून नेणे, तेलाचे पंप अशी कामे खाली ठेवली. मार्चमधल्या रात्री ट्रेंडची रेषा हलली नाही याचे अर्धे श्रेय मॉड्यूलचे, तर अर्धे या मांडणीचे आहे.

अॅरे, म्हणजे क्रमाने मांडलेल्या किमतींची यादी, सरकवणाऱ्या सूचनांबाबतही असाच एक बारकावा आहे. समजा, खालच्या टास्कमध्ये अशी एक सूचना अर्ध्यावर आली असताना वरच्या टास्कने तिला थांबवले. वरचा टास्क संपताना जी माहिती दुसऱ्या कंट्रोलरकडे जाते, तिच्यात तो अर्धवट सरकलेला अॅरेही जातो. नेमक्या त्याच वेळी ताबा बदलला, तर नवा प्राथमिक कंट्रोलर खालचा प्रोग्राम पुन्हा सुरुवातीपासून चालवतो आणि आधीच अर्धा सरकलेला अॅरे आणखी एकदा सरकतो. यावरचा उपाय म्हणजे मूळ अॅरेची प्रत काढून ती सरकवायची आणि काम पूर्ण झाल्यावर एका फटक्यात परत ठेवायची. कंपनीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले आहे. पण पुस्तिका मोठी आहे आणि हे पान वगळून पुढे गेलेले प्रोग्रामर मला भेटले आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी हा अभिप्राय लिहायला घेतला ती सांगतो. आमच्या दुसऱ्या हंगामाआधी, ऑफ सीझनच्या कामात, दुय्यम चॅसिसमधले इथरनेट मॉड्यूल बदलले गेले. स्टोअरमध्ये जे शिल्लक होते ते बसवले. त्याचे फर्मवेअर जोडीदाराशी जुळत नव्हते. बॉयलर पेटला, गाळप सुरू झाले, सगळे आकडे बरोबर येत होते. अकराव्या दिवशी मी वेगळ्याच कामासाठी पॅनलचे दार उघडले आणि खालच्या आरएम२ वर 'सिंक' ऐवजी 'डिस्क्यू' अशी अक्षरे दिसली. याचा अर्थ असा की अकरा दिवस आम्ही एकाच कंट्रोलरवर बॉयलर चालवत होतो आणि दुसरा शेजारी असूनही ताबा घेण्यास अपात्र होता. मॉड्यूलने आपले काम चोख केले होते, कारण जुळत नसलेल्या जोडीदाराला पात्र न ठरवणे हेच त्याचे काम. चूक आमच्या विभागाची आणि प्रमुख म्हणून माझी होती. त्या अकरा दिवसांत प्राथमिक चॅसिसची वीज गेली असती तर काय झाले असते, या विचाराने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही.

म्हणून ही प्रणाली घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो की पॅनलच्या बंद दारामागचा पडदा हा अलार्म नव्हे. कंट्रोलरमध्ये रिडंडन्सीची स्थिती वाचण्यासाठी जीएसव्ही सूचना आहे. तिच्यातून 'चॅसिस रिडंडन्सी स्टेट' वाचले की २ म्हणजे दुसरी चॅसिस सिंक झालेली, ३ म्हणजे दुसरी चॅसिस आहे पण अपात्र आहे, आणि ४ म्हणजे दुसरी चॅसिसच नाही. आमच्याकडे आता हा आकडा २ पासून ढळला आणि काही मिनिटांत परतला नाही, तर स्काडावर, म्हणजे ऑपरेटर ज्यावर प्रकल्प पाहतो त्या संगणकावर, मोठा अलार्म येतो, आणि त्याला नुसती पोचपावती देऊन तो जात नाही. पात्रता तपासताना ठरावीक काळ आकडा बदलणे स्वाभाविक आहे, म्हणून ती काही मिनिटांची सूट ठेवली. हे सगळे करायला अर्धा दिवसही लागला नाही. प्रकल्प उभारणाऱ्या ठेकेदाराकडून ते सुरुवातीलाच लिहून घ्यायला हवे होते. कामाच्या यादीत तो मुद्दा नव्हता आणि आम्हीही विचारले नव्हते.

दुय्यम चॅसिस अपात्र का ठरली हे शोधायला मिळालेले साधन मात्र मला मनापासून आवडले. आरएसलिंक्स या रॉकवेलच्या सॉफ्टवेअरमधून उघडणाऱ्या रिडंडन्सी मॉड्यूलच्या कॉन्फिगरेशन टूलमध्ये खाचेनुसार यादी दिसते आणि कुठल्या खाचेतली जोडी जुळत नाही हे तिथेच कळते. घडामोडींची नोंदही वेळेसह मिळते. आमच्या प्रसंगात नेमकी खाच सापडायला दोन मिनिटे पुरली. त्याच टूलमधून हुकूम देऊन ताबा बदलून पाहता येतो, आणि तो हुकूम आमच्याकडे आता दर हंगामापूर्वी दिला जातो.

ही चाचणी कशी करावी याबद्दल माझे मत ठाम आहे. टूलमधले बटण दाबून ताबा बदलणे ही सोपी परीक्षा झाली. बॉयलर अग्निप्रदीपनानंतर कमी भारावर वाफ असताना आम्ही प्राथमिक चॅसिसची वीज प्रत्यक्ष बंद करतो, इथरनेटची केबल काढून पाहतो आणि फायबरची एक दोरी सोडवतो. तिन्हींचे परिणाम वेगळे असतात. वीज गेली की ताबा लगेच बदलतो. फायबरची एक दोरी सुटली तर ताबा बदलत नाही आणि बदलूही नये, फक्त इशारा यायला हवा. पहिल्या वर्षी ज्येष्ठ फोरमन म्हणाले होते, "साहेब, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?" त्यांची काळजी खोटी नव्हती. पण जी खीळ आपण दिवसाउजेडी, माणसे हाताशी असताना घालतो, तिच्यातून निभावता आले नाही, तर रात्री पावणेतीनला कसे निभावणार, असे मी त्यांना म्हणालो, आणि आता चाचणीच्या दिवशी तेच सर्वांत आधी हजर असतात.

ताबा बदलल्यावर वीज परत आली की पहिली चॅसिस आपोआप पुन्हा प्राथमिक होत नाही; ती दुय्यम म्हणून रुजू होते. मार्चमध्ये एमसीबी परत चढवल्यावर वरच्या आरएम२ वर आधी पात्रता तपासणीची अक्षरे आली आणि काही मिनिटांनी 'सिंक' दिसले. ही रचना मला शहाणपणाची वाटते. जी चॅसिस नुकतीच पडली तिच्याकडे लगबगीने कारभार सोपवण्यात काहीच फायदा नाही. मात्र त्यासाठी टूलमधला आपोआप सिंक करण्याचा पर्याय चालू ठेवलेला असावा लागतो.

इथरनेट पत्त्यांची व्यवस्था एकदा समजून घेतली की विसरत नाही, पण पहिल्यांदा गोंधळ होतो. दोन्ही चॅसिसच्या इथरनेट मॉड्यूलला एकच पत्ता द्यायचा असतो. प्राथमिक मॉड्यूल तो पत्ता वापरते आणि दुय्यम मॉड्यूल स्वतःहून त्याच्या पुढचा आकडा घेते. ताबा बदलला की पत्तेही आपसात बदलतात, त्यामुळे स्काडाला नेहमी एकच पत्ता माहीत असला तरी पुरते. म्हणून पुढचा आकडा नेटवर्कवर दुसऱ्या कोणालाही देऊ नये. आमच्याकडे तो आकडा एका वजनकाट्याला देण्याच्या बेतात होता आणि वेळेत लक्षात आले म्हणून बरे. ताबा बदलताना स्काडाची जोडणी नव्याने होते आणि पडद्यावरचे आकडे थोडा वेळ थांबतात, याची कल्पना ऑपरेटरना आधीच द्यावी. नियंत्रण त्या वेळी चालूच असते; पण थांबलेला पडदा पाहून हाताने काहीतरी करण्याचा मोह होऊ शकतो, आणि तो खऱ्या बिघाडापेक्षा महाग पडतो.

मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. मोशन कंट्रोल, म्हणजे सर्व्हो अक्षांचे नियंत्रण, या रचनेत चालत नाही. डेटासाठी एकट्या कंट्रोलरपेक्षा बरीच जास्त मेमरी लागते, म्हणून कंट्रोलर निवडताना हात सैल ठेवावा. फर्मवेअर सुटे सुटे बदलता येत नाही. कंपनीने तपासून प्रसिद्ध केलेला ठरावीक संचच वापरावा लागतो आणि कंट्रोलरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी असा संच असतोच असे नाही. ज्यांना सदैव नवीनतम आवृत्ती हवी असते त्यांना हे खटकेल. मला खटकत नाही, कारण बॉयलरच्या कामात जुनी पण तपासलेली जोडी मला जास्त जवळची वाटते.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र कुठल्याही कंपनीच्या रिडंडन्सीला आहे. दोन्ही कंट्रोलरमध्ये प्रोग्राम तोच असतो. त्यात एखादी चूक असेल, उदाहरणार्थ अॅरेच्या बाहेरचा क्रमांक मागितला गेला आणि कंट्रोलरमध्ये टाइप ४, कोड २० हा मोठा दोष आला, तर ताबा घेणाऱ्यालाही तीच चूक त्याच ठिकाणी भेटणार. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून उडालेल्या एरियान ५ अग्निबाणात हेच घडले. त्याच्या दिशा-मापन यंत्रणेचे दोन संगणक होते आणि दोन्हींत एकच सॉफ्टवेअर होते. एक मोठी संख्या लहान जागेत बसवताना राखीव संगणक आधी बंद पडला आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात मुख्य संगणकही त्याच कारणाने बंद पडला. मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण वाट सोडून गेला आणि नष्ट झाला. म्हणून दोन चॅसिस आहेत या भरवशावर प्रोग्रामच्या तपासणीत ढिलाई करू नये, आणि दोष हाताळणारे रूटीन लिहिल्याशिवाय बॉयलर पेटवू नये.

हे सगळ्यांनी घ्यावे असे मी म्हणणार नाही. आमच्याच कारखान्यात बगॅस वाहून नेणाऱ्या पट्ट्यांसाठी साधा एकच कंट्रोलर आहे. तो अर्धा तास बंद राहिला तर साठ्यातून बगॅस पुरवता येते. तिथे दोन चॅसिसचा खर्च करण्यापेक्षा एक तयार कंट्रोलर स्टोअरमध्ये ठेवणे आम्हाला योग्य वाटले. जिथे मिनिटभराची गैरहजेरीही चालत नाही, तिथे मात्र ही प्रणाली निःशंक घ्यावी. खरेदीच्या यादीत दोन गोष्टी आवर्जून घालाव्यात : दोन्ही चॅसिसना दोन वेगवेगळ्या यूपीएसमधून वीज, आणि प्रत्येक प्रकारचे एक सुटे मॉड्यूल, ज्याचे फर्मवेअर चालू संचाशी जुळवून घेतलेले असेल. आमच्या स्टोअरमध्ये आता अशा प्रत्येक मॉड्यूलच्या खोक्यावर फर्मवेअरची आवृत्ती आणि तपासल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी असते, आणि चिठ्ठी नसलेले मॉड्यूल स्टोअरकीपर माझ्या सहीशिवाय बाहेर देत नाहीत.